गणपती महाराजांचं दरमहा बिल

मी झाडं भाड्यानं देतो. हे सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे पाहतो, मग माझ्या बायकोकडे पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ते ठीक आहे, पण काम काय करता?" आमच्या सोयऱ्यांमध्ये रेल्वेतली नोकरी म्हणजे नोकरी, सरकारी खात्यातली त्याहून बरी, आणि रबराचं झाड कुंडीत लावून साहेबाच्या केबिनमध्ये महिन्याच्या भाड्यानं उभं करणं म्हणजे हमखास काहीतरी भानगड. माझे सासरे तर रेल्वेत तिकीट तपासनीस होते. माणूस डब्यात चढताना त्याच्या पायांकडे पाहूनच तिकीट आहे की नाही ते ओळखणारे. लग्नानंतर बरेच दिवस त्यांची खात्री होती की मी कुंड्यांच्या तळाशी काहीतरी दडवून नेतो. एकदा गोंदियाहून आले आणि कोणाला न सांगता तीन कुंड्या उपसून पाहिल्या. गांडुळं निघाली. त्यांचं समाधान काही झालं नाही.

पण नवं रायपूर उभं राहिलं तेव्हा इमारती आधी आल्या आणि सावली मागाहून यायची होती. कार्यालयं एवढाली मोठी की या टोकाच्या बाबूनं मारलेली हाक त्या टोकाच्या बाबूला जेवणाच्या सुट्टीनंतर पोचायची. रस्त्यांचं तर विचारूच नका. एका म्हाताऱ्याला मी रस्ता ओलांडायला लागलेला पाहिला, वर जाऊन चार मजल्यांच्या कुंड्या बदलून खाली आलो, तर तो दुभाजकावर बसून डबा खात होता. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं मे महिन्यात तिथे पायी चालून पाहावं. अशा भव्य ओसाडीत साहेबलोकांना डोळ्यांसमोर हिरवं काहीतरी लागे, आणि ते हिरवं मी समता कॉलनीतल्या माझ्या घरामागच्या शेडमधून टेम्पोत घालून नेत असे. तिथल्या एसीत अरेका पाम कुडकुडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. मनी प्लांटला लोक उरलेला चहा पाजत, रबराच्या झाडात गुटखा थुंकत. म्हणून दर पंधरवड्याला थकलेलं झाड हवापालटासाठी घरी आणायचं आणि ताजंतवानं तिथे ठेवायचं. सगळा धंदा एवढाच.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं तिथल्या एका संस्थेचं सात मजली कार्यालय. निम्म्याहून जास्त कुंड्या त्या एकाच इमारतीत. त्यांचा करार दर वर्षी नवा व्हायचा. तो एकदा हुकला की टेम्पो विकावा लागणार, हे बायको मला रोज सकाळी चहाबरोबर सांगे, जणू चहात साखर कमी असली तर तेवढ्यानं भागावं.

तिथल्या जुन्या लेखापालाशी माझं छान जमलं होतं. खिशात बिलबुक असायचं. आठवण झाली की जायचं, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची, दोन गोष्टी सांगायच्या आणि उठता उठता बिल फाडून द्यायचं. तारीख कोणती टाकायची तेही तेच सांगत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत पुण्याहून आलेल्या एक मॅडम बसल्या. वय तिशीच्या आत, बारीक काड्यांचा चष्मा, आणि जगातला प्रत्येक कागद खोटा धरून सुरुवात करायची सवय. माझं पहिलं बिल त्यांनी नोट पाहतात तसं उजेडाकडे धरून पाहिलं. मी जरा सैल होऊन म्हटलं, मॅडम, आपण दोघं मराठी माणसं. त्या म्हणाल्या, "मग तर नीट बिल द्या."

नीट म्हणजे कसं, तेही त्यांनीच सांगितलं. दर महिन्याच्या एक तारखेला, दुपारच्या आत, मेलवर, कॉम्प्युटरवरून निघालेलं, क्रमांकासकट. एक मिनिट उशीर झाला तर पैसे पुढच्या महिन्यात.

तर अशा रीतीनं आमच्या घरात हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं. फोनवरच्या विक्रेत्या पोरीनं मला सख्ख्या बहिणीपेक्षाही गोड आवाजात समजावलं की यात रिकरिंग बिल म्हणून एक सोय आहे. गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम आणि तारीख एकदा भरून ठेवली की तुम्ही झोपलेले असा, लग्नात असा, बिल दर महिन्याला आपोआप बनतं आणि आपोआप जातं. पैसे आले नाहीत तर आठवणही आपोआप जाते. मी हरखलो. मग तिनं सांगितलं की सॉफ्टवेअरचं भाडंही दर महिन्याला आमच्या खात्यातून असंच आपोआप कापलं जाईल. म्हणजे तेही कुंडीसारखंच, भाड्याचं.

बायको बी.कॉम. आहे आणि आमचे हिशेब तीच पाहते. तिनं माझ्याकडून सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "जो माणूस आपल्याले न विचारता आपल्या खिशातून काढून घेते, तो दुसऱ्याच्या खिशातून काढून आपल्याले आणून देईन, हे तुम्हाले काहून पटून राहिलं?"

एक तारीख जवळ आली होती. म्हणून एका दुपारी, तिनं पंचांग पाहून निवडलेल्या वेळेला, आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. तिनं आधी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कळफलकात गेलं, आणि आजही त्याचं एक बटण दाबलं की बोटाला लाली लागते.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून मी त्या सात मजली कार्यालयाचं नाव टाकायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. पहिलं नाव माणसाचं नसते, म्हणाली. आणि तिचं बरोबर होतं. कॉलेज सोडल्यावर मी वर्षभर गोल बाजारात एका कापडाच्या दुकानात बसलो होतो. तिथे नवी वही उघडली की शेठ पहिली ओळ देवाच्या नावानं लिहीत, सव्वा रुपया, आणि मगच बाकीची दुनिया त्या वहीत यायची. देवाच्या आधी कोणाचं नाव चढलं तर वर्षभर धंद्याला दृष्ट लागलेली राहते, असं तिथला हमालसुद्धा सांगे. त्यामुळे आम्ही दोघांनी ठरवलं, देवाची ओळ आधी.

वहीत ओळ लिहायला जागा असते. सॉफ्टवेअरमध्ये ओळ नावाची वस्तूच नव्हती, होतं ते फक्त गिऱ्हाईक. मी "श्री गणपती महाराज" असं नाव भरलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, वैयक्तिक की व्यावसायिक? यावर आमची थोडी वादावादी झाली. सबंध जग चालवणारा वैयक्तिक कसा, असं माझं म्हणणं. नफा नाही तर व्यवसाय कसला, असं तिचं. वैयक्तिक लिहिलं. रक्कम सव्वा रुपया. किती दिवसांनी पुन्हा? तिथे पहिलाच पर्याय दरमहा होता, तो राहू दिला, देवाला आणि पंचवार्षिक करायचं की काय. कधीपर्यंत? बायको म्हणाली, देवाचं खातं कधी बंद होत असते का? मी "कधीच नाही" वर टिक केली.

आणि मग ते अडलं. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय ते पुढेच जाईना. माझा नंबर टाकला तर म्हणे हा विक्रेत्याचाच आहे. बायको स्वतःचा द्यायला तयार नव्हती, उद्या देवाला आलेले फोन घरी कोण घेणार, असा तिचा सवाल. तेव्हा मला पाठ असलेला जगातला एकच तिसरा नंबर माझ्या बोटांनी आपोआप टाकला. लग्न ठरल्यावर हिच्याशी बोलायचं तर तोच लावावा लागे, आणि पहिली दहा मिनिटं त्या नंबरचे मालकच माझी झडती घेत. सासऱ्यांचा. बायको म्हणाली, राहू द्या, बाबांची संकष्टी कधी चुकत नाही, त्यांची वर ओळख आहे.

एक तारखेला सकाळी सात मजली कार्यालयाला बिल गेलं. दुपारी मॅडमची पोच आली, एका शब्दाची. मी घरात असा फिरलो की जणू ते बिल मीच पळत जाऊन देऊन आलोय. त्या महिन्यात दोन दवाखाने नव्यानं लागले. बायको म्हणाली, हे वरच्या ओळीमुळे.

पुढच्या महिन्यात तिच्या वडिलांचा फोन आला. स्पीकरवर बोलत होते, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. त्यांच्या मोबाइलवर एका टोळीचे मेसेज येत होते. प्रिय श्री गणपति महाराज, आपका भुगतान बाकी है, सेवा बंद होने से बचें. खाली निळ्या अक्षरांत दाबायला काहीतरी. ते त्यांनी अर्थातच दाबलं नव्हतं. चालत्या गाडीत मागून कोणी हाक मारली तरी ते वळून पाहत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की चोरांची हिंमत आता देवापर्यंत गेली, आणि आपण हे सगळे मेसेज जपून ठेवतोय, योग्य वेळी दाखवू.

बायकोनं त्यांना सांगितलं, बाबा, डिलीट करून टाका. ते म्हणाले, पुरावा कोणी डिलीट करते का? तिनं फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बंद करू का देवाचं बिल? ती विचारात पडली. दोन दवाखाने, आता नव्यानं एका बँकेची शाखाही. चालू आहे ते कशाला हलवता, असं तिचं मत पडलं, आणि माझंही पडलं.

वर्ष सरत आलं तसं करार नवा करायची वेळ आली. मॅडमनी कळवलं की संस्थेचे नियम बदललेत. झाडं पुरवणारा खरोखर धंदा करतो की नाही याची खात्री व्हायला हवी, तेव्हा चालू गिऱ्हाइकांची यादी, दरमहा बिलासकट, थेट सॉफ्टवेअरमधून काढलेली आणा. हातानं टाइप केलेली चालणार नाही. शेवटची तारीख अमुक, संध्याकाळी पाचपर्यंत. त्यांना मी संशयित वाटत होतो हे मला माहीत होतं. वाईट याचंच वाटलं की आमच्या घरचे लोक माझा जेवढा संशय घेतात, मोजून तेवढाच त्याही घेत होत्या.

यादी छापून घेतली. सॉफ्टवेअर ती ज्या क्रमानं गिऱ्हाईक भरलं त्याच क्रमानं काढतं. सगळ्यात वर श्री गणपती महाराज, सव्वा रुपया, आणि पुढे लाल अक्षरांत थकबाकीदार. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, लग्नाच्या पत्रिकेवर देवाचं नाव वर असते तसंच वाटन. मला ते पटलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मला त्या दिवशी काहीही पटलं असतं.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला मी मॅडमसमोर बसलो. त्यांनी यादी घेतली, उजेडाकडे धरली, खाली ठेवली, आणि पहिल्या ओळीवर पेन टेकवलं. हे कोण, म्हणाल्या. मी हसून सांगितलं, सगळ्यांचेच. त्या हसल्या नाहीत. हे ग्राहक असतात कुठे, म्हणाल्या. मी म्हटलं, सगळीकडेच. त्यावर त्यांनी यादीतला मोबाइल नंबर पाहिला आणि टेबलावरचा फोन उचलून, मी तोंड उघडायच्या आत, तो लावला. स्पीकरवर.

"नमस्कार. श्री गणपती महाराजांचा नंबर आहे का हा?"

पलीकडे थोडी शांतता झाली. ती मला ओळखीची होती. तिकीट नसलेला माणूस संडासात दडला की दाराबाहेर होते ती.

"बोला," सासरे म्हणाले. "मी तुमचीच वाट पाहून राहिलो."

"आपण झाडांच्या सेवेचे ग्राहक आहात का?"

"आधी तुमचं नाव सांगा. मंग ऑफिस. मंग तुमच्या वरच्या साहेबाचं नाव."

"मी नव्या रायपूरच्या कार्यालयातून बोलतेय. लेखा विभाग."

"लेखा विभाग," सासरे सावकाश म्हणाले. बहुतेक लिहून घेत होते. "म्हणजे टोळी मोठी हाय."

"आपलं बिल थकलेलं दिसतंय. त्याची खात्री करायची होती."

"बाई, आवाजावरून तुम्ही चांगल्या घरच्या वाटता. देवाले उधारी मागून राहिल्या तुम्ही, काही वाटते का? माझी सगळी नोकरी फुकटे पकडण्यात गेली. तुमच्या त्याच नव्या रायपुरात माझे जावई कुंड्या लावतात. मोठमोठ्या साहेबांत उठबस हाय त्यांची. आत्ता त्यांनाच फोन करतो. ते तुम्हाले बरोबर हुडकून काढतीन."

फोन कट झाला. मॅडम रिसीव्हरकडे पाहत राहिल्या. आणि माझ्या खिशात मोबाइल वाजायला लागला.

मी तो वाजू दिला. माझं रिंगटोन आरतीचं आहे, आणि ते त्या दिवशी जितकं लांबलं तितकं कोणत्याही मांडवात लांबलेलं मी ऐकलेलं नाही. मॅडमनी हात पुढे केला. मी मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पडद्यावरचा नंबर यादीतल्या नंबराशी एकेक आकडा करून जुळवला.

"म्हणजे ग्राहक तुमचे सासरे आहेत."

"नाही जी. नंबर सासऱ्यांचा. गिऱ्हाईक गणपतीच."

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या जास्तच पुण्याच्या दिसत. बिल आहे, ग्राहक नाही, म्हणाल्या. पैसे येत नाहीत आणि बिल थांबत नाही. नंबर घरातल्याच माणसाचा. याला आमच्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. मला ठाऊक होतं. बोगस. यादीतलं एक नाव बोगस तर बाकीची खरी कशावरून, आणि गिऱ्हाइकंच खोटी असतील तर हा धंदा तरी खरा कशावरून? मला दिसलं, माझा टेम्पो कोणीतरी भाव करत करत घेऊन चाललाय.

मग मी बोललो. गोल बाजारातला शेठ, वहीची पहिली ओळ, सव्वा रुपया, हळदकुंकू, ती टिक, सगळं. आयुष्यात मी एवढं सलग खरं कधी बोललेलो नाही आणि म्हणूनच बहुधा ते इतकं खोटं वाटत होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ठीक आहे, हे नाव इथेच माझ्यासमोर काढून टाका आणि नवी यादी द्या.

मोबाइलवर सॉफ्टवेअर उघडून मी काढायला गेलो. ते निघेना. बिलं थकलेली असताना गिऱ्हाईक काढता येत नाही, त्याची थकबाकी आधी बुडीत दाखवा, असं ते म्हणत होतं. बोट टेकवायच्या आधी मी बायकोला फोन लावला. तिनं ऐकलं आणि शांत आवाजात विचारलं, "गणपतीले बुडीत खात्यात टाकता?" मी म्हटलं, नाहीतर करार जाते. ती म्हणाली, "जाऊ द्या जात असन तर. पण ते टिक करून घरी येऊ नका." करार गेला तर टेम्पो जाणार हे रोज सांगणारी तीच बाई. मी फोन ठेवला आणि मॅडमना सांगितलं की काढता येत नाही. कारण सांगितलं नाही, पण फोनमधला बायकोचा आवाज त्यांनी ऐकला होता.

त्यांनी पेन पुन्हा पहिल्या ओळीवर टेकवलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "वहीत एक ओळ लिहिली असती तर ती तुमची श्रद्धा होती, मला घेणं नव्हतं. पण तुम्ही बिल काढलंय. बिल काढलं म्हणजे माल दिलेला असला पाहिजे. या ग्राहकाला तुम्ही काय दिलंत?"

मी गप्प. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, असं पूर्वी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा माझ्या तोंडात थर्मामीटर होतं.

त्या उठल्या. चला, म्हणाल्या. लिफ्टमध्ये त्यांनी मला सांगितलं की इथे आल्यापासून दर महिन्याला त्या आमच्या कुंड्या मोजतात. सातही मजले, स्वतः. आणि करारात आहेत त्यापेक्षा एक कुंडी पहिल्या दिवसापासून जास्त भरते. विक्रेता कमी देतो हे त्या समजू शकत होत्या. जास्त देणारा विक्रेता त्यांनी पाहिलेला नव्हता. तेव्हा हा माणूस या कुंडीचे पैसे कधीतरी एकदम मागणार, असं धरून त्या इतके महिने माझ्यावर डोळा ठेवून होत्या.

तळमजल्यावर दर्शनी भागात काळ्या दगडाचा एक गणपती आहे. इमारत बांधणाऱ्यानं बसवलेला, समोर ताट, ताटात येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेली नाणी. त्याच्या डाव्या हाताला आमचा एक अरेका पाम उभा होता. चांगला डौलदार. "ही कोणाची?" मॅडमनी विचारलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. ते झाड खूप वाढलं होतं, एका हवापालटाच्या दिवशी ते टेम्पोत मावेना, म्हणून मी ते तिथे टेकवून गेलो आणि नंतर विसरलो. पण मॅडम माझ्याकडे पाहत होत्या, गणपती माझ्याकडे पाहत होता, आणि घड्याळात चार वाजून गेले होते.

"ही त्याच गिऱ्हाइकाची," मी म्हटलं. "सव्वा रुपया महिना."

"हे तुम्ही आत्ता ठरवलंत."

"कुंडी कधीपासून आहे ते गार्डला विचारा."

दाराशी उभ्या गार्डनं विचारायच्या आधीच मान हलवली. "हव मैडम, ये तो शुरू से है. पानी मैं ही डालता हूँ."

मॅडम झाडाकडे पाहत राहिल्या, मग यादीकडे, मग पुन्हा झाडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास बसल्याचं काही चिन्ह नव्हतं. पण एकीकडे हिशेबात न बसणारी एक कुंडी होती आणि दुसरीकडे हिशेबात न बसणारं एक बिल, आणि दोन्ही एकमेकांसमोर ठेवली की खाली काही उरत नव्हतं. लेखा विभागातल्या माणसाला याचा मोह आवरत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. मात्र थकबाकीदार ग्राहक यादीत चालणार नाही, त्या म्हणाल्या, आजच वसूल दाखवा. मी पाकीट काढलं. त्यांनी हात आडवा केला. विक्रेत्यानं स्वतःचं बिल स्वतः भरलेलं कसं चालेल? ग्राहकाचे पैसे ग्राहकाकडूनच यायला हवेत.

आणि गार्डला साक्षीला उभं करून, चपला काढून, नमस्कार करून, त्या पुणेकर बाईंनी ताटातली नऊ रुपयांची नाणी उचलून माझ्या हातावर ठेवली. सात महिन्यांचे पावणेनऊ होत होते. ठेवताना त्यातली दोन नाणी खाली घरंगळली आणि गार्डनं ती सोफ्याखालून काढली. पंचवीस पैसे परत द्यायला माझ्याकडे नाणं नव्हतं, ते आता असतंच कुठे. "आगाऊ जमा दाखवा," मॅडम म्हणाल्या. मी तिथेच मोबाइलवर रक्कम भरली. थकबाकीदार हा शब्द गेला आणि हिरवं चिन्ह आलं. पावती बनवून त्यांना पाठवली, त्यांनी ती उघडून वाचली, क्रमांक तपासला, आणि तेव्हा कुठे वर चला म्हणाल्या.

करारावर सह्या झाल्या तेव्हा पाचाला थोडी मिनिटं होती. एका वर्षाचा. मागच्या वेळी जुन्या लेखापालांनी दोन वर्षांचा करतो म्हटलं होतं, पण मी काही बोललो नाही. कुंड्यांच्या संख्येत त्यांनी एक वाढवली आणि शेरा लिहिला की सदर कुंडी संस्थेच्या खर्चात धरू नये, ग्राहक स्वतंत्र आहे. सही करताना त्यांनी विचारलं, ती कुंडी खरंच त्यांच्यासाठी ठेवली होती का? मी म्हटलं, मॅडम, आता कागदावर आलंय. त्यांनी मान डोलावली, पण ती होकाराची होती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

खाली टेम्पोपाशी आलो. मोबाइलवर सासऱ्यांचे इतके कॉल येऊन पडले होते की बॅटरी शेवटच्या घटकेला होती. मी फोन लावला. त्यांनी सविस्तर सांगितलं. नव्या रायपूरच्या त्या टोळीनं शेवटी फोन केलाच, बाई आहे, बोलणं अगदी सभ्य, शुद्ध मराठी, लेखा विभाग असं काहीतरी बनावट सांगते, नंबर आपण लिहून ठेवला आहे.

"आणि जावईबापू, एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "ती बाई तुमच्यापर्यंत येईन. कोणताही कागद समोर ठेवन. कितीही गोड बोलली तरी तिच्यासमोर सही करू नका."

मी म्हटलं, नाही करत, बाबा. करारावरची शाई अजून ओली होती, म्हणून मी तो टेम्पोच्या काचेशी उन्हात धरून उभा होतो.